कॅम्परव्हॅनची टाकी घरूनच काठोकाठ भरू नका

ठाण्याहून नाशिककडे सहकुटुंब कॅम्परव्हॅन, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, काढताय? मग पाण्याची टाकी सोसायटीतच काठोकाठ भरू नका. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. 100 लिटर भरलेत, तर कसारा घाटात 100 किलो जास्तीचं ओझं इंजिनवर, आणि परतताना उतारावर तेच ब्रेकवर. हात धुण्यापुरतं, टॉयलेटपुरतं भरा, बाकी मुक्कामी. पिण्याचं मात्र घरचंच, वेगळ्या कॅनमध्ये. लहान मुलं असतील तर यात तडजोड नकोच. जड सामान खाली, पुढच्या-मागच्या चाकांच्या मधे ठेवा. आजी-आजोबांच्या डोक्यावरच्या कप्प्यात कुकर, डबे अजिबात नकोत. करकचून ब्रेक लागला की ते अंगावर येतात. टायरमधली हवा प्रवासाला निघण्याआधीच, टायर थंड असताना तपासून घ्या. गाडी चालू असेपर्यंत स्वयंपाकाचा गॅस सिलेंडर बंद.