ट्रॉम्बोन बोलता करायचा तर: प्लंजर आणि पिक्सी

ट्रॉम्बोनवादक जो 'ट्रिकी सॅम' नॅन्टन १९२६ पासून १९४६ मध्ये वारला तोपर्यंत ड्यूक एलिंग्टनच्या जॅझ बँडमध्ये होता, आणि त्याचा ट्रॉम्बोन, म्हणजे सरकत्या नळीचं ते पितळी वाद्य, खरोखर बोलायचा. त्याच्यामागून आलेल्या टायरी ग्लेन आणि क्वेंटिन जॅक्सन यांनाही वाद्याच्या तोंडाशी धरायचा प्लंजर हाताळावाच लागला. जॅझमध्ये ट्रॉम्बोनवर पोट भरायचं असेल तर हा हात आजही बसवून घ्या.

सिंक तुंबल्यावर वापरतात तो रबरी प्लंजर घ्या, १३ ते १५ सेंमी रुंद, मऊ रबराचा, आणि दांडा काढून टाका. कडक रबर बेलवर, म्हणजे वाद्याच्या रुंद तोंडावर, आपटून खडखडतं. बेलच्या आत पिक्सी, म्हणजे छोटा सरळ म्यूट (आवाज बदलण्यासाठी बेलमध्ये बसवतात ती वस्तू). त्याच्या बुचावर तोंडाची वाफ सोडा, थोडा पीळ देत बसवा. कोरडं बूच भर कार्यक्रमात घसरतं.

डाव्या हातात प्लंजर आला की वाद्य डाव्या खांद्यावर टेकवावं लागतं. इथे बहुतेकांचं माउथपीस ओठांवर दाबलं जातं आणि वरचे सूर मरतात. तोल खांद्यावरच राहू द्या, उजवा हात फक्त स्लाइडसाठी, म्हणजे सरकत्या नळीसाठी.

स्वरलिपीत '+' म्हणजे प्लंजर बंद, 'o' म्हणजे उघडा. प्लंजरची खालची कड बेलला लावूनच ठेवा आणि मनगटातून दार उघडावं तसा उघडा. आवाजातला मोठा फरक पहिल्या दोन-तीन सेंमीतच पडतो, त्यामुळे हात लांब नेण्यात काही हाशील नाही. बंद करतानाही बोटभर फट ठेवा, नाहीतर सूर कोंडतो.

नॅन्टनचा ट्रॉम्बोन माणसासारखा 'या' म्हणायचा, तो 'या' नुसत्या हाताने येत नाही. फुंकताना तोंडात जीभ 'ई'वरून 'आ'वर न्या, त्याच क्षणी प्लंजर उघडा. जीभ आणि हात मागेपुढे झाले की नुसतं 'वा' ऐकू येतं. गुरगुर हवी असेल तर गुळण्या करताना थरथरतो तसा घसा थरथरवा. घसा खवखवू लागला की थांबा.

शेवटी ट्यूनर (सूर चढला की उतरला ते दाखवणारं यंत्र) लावा. सरळ म्यूटने सूर सहसा चढतो, तेव्हा ट्यूनिंग स्लाइड (सूर जुळवायची वेगळी छोटी नळी) थोडी बाहेर ओढा. उलट, प्लंजर बंद करताना पहिल्या पोझिशनचा (स्लाइड पूर्ण आत असतानाचा) एखादा सूर उतरला, तर स्लाइड आत न्यायला जागाच नसते. मधला बी फ्लॅट अशा वेळी पाचव्या पोझिशनला घ्या, त्याखालचा एफ सहाव्या.