कडधान्यांना मोड आणताना घ्यावयाची काळजी

कडधान्याला मोड येण्यासाठी ओलावा, ऊब आणि काही तासांचा अवधी लागतो, आणि नेमके तेवढेच जंतूंच्या वाढीलाही पुरते. शेतातील मातीतून, कच्च्या शेणखतातून किंवा साठवणीच्या जागी फिरणाऱ्या उंदरांमुळे साल्मोनेला, ई. कोलाय यांसारखे जंतू दाण्यावर आलेले असू शकतात. कोरड्या दाण्यावर ते महिनोन्महिने तग धरून राहतात आणि दाणे भिजवले की झपाट्याने वाढू लागतात. २०११ साली जर्मनीत कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या मोडांतून ई. कोलायच्या एका घातक प्रकाराची साथ पसरली, हजारो लोक आजारी पडले आणि पन्नासहून अधिक दगावले; तपासाअंती संशय इजिप्तमधून आलेल्या मेथीच्या बियांवर स्थिरावला. आपल्याकडे मोडांची उसळ शिजवून खाण्याची रीत असल्यामुळे हा धोका बराच कमी होतो. मात्र वजन कमी करण्यासाठी किंवा ‘पौष्टिक नाश्ता’ म्हणून कच्चे मोड खाणाऱ्यांनी ही बाब गांभीर्याने घ्यावी.

सुरुवात दाण्यांच्या निवडीपासून करावी. मोडांसाठी नेहमी खाण्याचेच कडधान्य घ्यावे. पेरणीसाठी विकल्या जाणाऱ्या बियाण्याला बुरशीनाशक चोळलेले असते आणि ते ओळखू यावे म्हणून त्याला बहुधा रंगही दिलेला असतो, त्यामुळे ते कितीही धुतले तरी खाण्यास अयोग्यच ठरते. घरच्या साठवणीतील मूग-मटकीला बोरिक पावडर किंवा एरंडेल लावलेले असेल, तर कोमट पाण्यात हाताने चोळून तीन-चार पाणी बदलून धुवावे. टोके पडलेले, फुटलेले आणि पाण्यावर तरंगणारे दाणे काढून टाकावेत, कारण तडा गेलेल्या दाण्याला मोड तर येत नाहीच, उलट तो आधी कुजतो आणि शेजारच्या दाण्यांनाही नासवतो.

भिजवण्यासाठी कडधान्याच्या तिप्पट-चौपट पाणी घ्यावे आणि ते पिण्याचे असावे. मूग आणि मटकी यांना सहा ते आठ तास पुरतात. हरभरे आणि कडवे वाल यांना दहा ते बारा तास लागतात. त्याहून अधिक काळ दाणे पाण्यात राहिले तर त्यांना हवा मिळत नाही, पाण्यावर फेस येतो आणि आंबूस वास सुटतो. उपसताना दाणे एका पसरट ताटात घेऊन बोटांनी चाचपून पाहावेत: फुगलेल्या दाण्यांमध्ये काही दाणे भिजवण्यापूर्वीसारखेच बारीक आणि खड्यासारखे कडक राहिलेले आढळतात. हे गणंग होत. त्यांच्या सालीतून पाणी आत शिरलेलेच नसते, त्यामुळे त्यांना मोडही येत नाहीत आणि ते शिजतही नाहीत. वेळीच वेचले नाहीत तर उसळ खाताना दातांखाली येतात.

उपसलेले दाणे स्वच्छ सुती फडक्यात बांधावेत किंवा चाळणीत पसरून वर ओलसर फडके झाकावे; हवाबंद डबा मात्र टाळावा. मोड येत असताना दाण्यांमधून उष्णता निर्माण होते आणि मोठी पुरचुंडी घट्ट बांधली असेल तर तिचा मध्यभाग हाताला चांगलाच कोमट लागतो. बिघाडाची सुरुवातही तेथूनच होते. म्हणून एका वेळी थोडेच दाणे बांधावेत, आठ-दहा तासांनी ते पिण्याच्या पाण्याने खळबळून पूर्ण निथळून घ्यावेत आणि फडकेही धुवून पिळावे. उन्हाळ्यात मटकीला एका रात्रीत मोड येतात. थंडीत दीड दिवसही लागतो, तेव्हा कोमट पाण्यात भिजवून पुरचुंडी उबदार जागी ठेवावी. वापरलेले फडके दर वेळी उकळत्या पाण्यातून काढून उन्हात वाळवावे. मासे किंवा चिकन साफ केलेल्या ओट्यावर मोडांचे भांडे ठेवू नये, आणि दाणे हाताळण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत.

मेथी किंवा मोहरीच्या मोडांवर पांढरी लव दिसली म्हणजे बुरशीच आली असे नाही. ती मुळांची केसाळ वाढ असते. प्रत्येक मुळाभोवती वेगळी दिसते आणि पाण्याखाली धरताच चपटी होऊन जाते. बुरशी मात्र कोळिष्टकासारखी एका दाण्यावरून दुसऱ्यावर पसरते आणि तिला कुबट वास असतो. असा वास आला, दाणे बुळबुळीत झाले किंवा मोड तपकिरी पडले, तर खराब भाग निवडून बाकीचे वापरण्याचा मोह टाळावा आणि सगळेच टाकून द्यावे.

उत्तम वास आणि पांढरेशुभ्र मोड असले तरी जंतू नाहीत याची खात्री देता येत नाही. काही जंतू दाण्याच्या बारीक भेगांत दडलेले असतात आणि मीठ, व्हिनेगर किंवा लिंबू यांनी ते हमखास मरत नाहीत. खात्रीचा उपाय एकच, तो म्हणजे मोड आतपर्यंत कडकडीत तापतील असे शिजवणे. फोडणीवर नुसते परतून झाकण काढण्यापेक्षा थोडे पाणी शिंपडून दणदणीत वाफ आणावी. कोशिंबिरीसाठीही मोड आधी वाफवूनच घ्यावेत. वाफेने ‘क’ जीवनसत्त्व काही प्रमाणात घटते हे खरे, परंतु तेवढ्यासाठी कच्चे खाण्याचा आग्रह मला पटत नाही. लहान मुले, गर्भवती, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांना तर कच्चे मोड देऊच नयेत.

काही धान्यांबाबत वेगळा नियम आहे. राजम्यातील विषारी घटक मोड आल्याने जात नाही; राजमा भिजवलेले पाणी टाकून देऊन ताज्या पाण्यात तो किमान दहा मिनिटे खळखळून उकळावा आणि मग मऊ होईपर्यंत शिजवावा. ज्वारीच्या कोंबांत सायनाइड तयार करणारा घटक असतो, म्हणून ज्वारीचे हिरवे कोंब खाऊ नयेत.

तयार मोड लगेच वापरायचे नसतील तर पाणी पूर्ण निथळवून, कोरड्या झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये पाच अंशांच्या खाली ठेवावेत आणि दोन-तीन दिवसांत संपवावेत. शिजवलेली उसळही दोन तासांपेक्षा अधिक काळ ओट्यावर राहू देऊ नये. उन्हाळ्याच्या कडाक्यात तासाभरातच फ्रिजमध्ये ठेवावी आणि खाण्यापूर्वी पुन्हा वाफ येईपर्यंत गरम करावी.