दम राखून बोला : सेव्हन्स रग्बीच्या कर्णधारासाठी

"ताई, मले कॅप्टन व्हायचं आहे," असं सांगत एखादी पोट्टी नागपूरच्या रेशीमबाग मैदानावर सकाळी साडेपाचला येते, तेव्हा मी तिला आधी पळवते. पन्नास मीटर जाऊन-येऊन, सहा वेळा. शेवटच्या फेरीला ती गुडघ्यावर हात टेकते, आणि नेमकं तेव्हाच मी विचारते, "मान न वळवता सांग, तुझ्या उजवीकडे किती जणी?" उत्तर तिला ठाऊक असतं, पण तोंडातून निघत नाही. कर्णधाराचा सराव इथून सुरू करा.

सेव्हन्सचं मैदान पंधरा जणांच्या रग्बीएवढंच, साधारण 100 बाय 70 मीटर. त्यावर सात जणी, 7-7 मिनिटांचे दोन डाव, मध्ये 2 मिनिटं. एका दिवसात असे दोन-तीन सामने. मी पहिल्यांदा कर्णधार झाले तेव्हा अख्खा पहिला डाव ओरडत राहिले. दुसऱ्या डावात माझ्याच बाजूने समोरची निघून गेली आणि मला पाय उचलता आला नाही. तेव्हापासून मी शब्द मोजून वापरते.

स्पर्धेच्या आठवडाभर आधी संघात बसून चार-पाच शब्द पक्के करा. आमचे होते "चढा", "थांबा", "डावी", "उजवी". बचावात सहा जणी ओळीत आणि सातवी मागे राहते. मागचीला सगळं मैदान दिसतं, म्हणून हाक तिनेच द्यावी. कर्णधाराने ओळीच्या मध्ये राहून तीच हाक पुढे न्यावी. दोघी वेगवेगळं ओरडल्या की ओळ तुटते.

आपल्यावर ट्राय झाला (समोरचीने बॉल आपल्या गोलरेषेपलीकडे टेकवला) की त्यांना कन्व्हर्जनसाठी, म्हणजे गोलखांबांमधून जादा गुणांची किक मारायला, 30 सेकंद मिळतात; तीही ड्रॉप किकच, बॉल जमिनीवर टाकून उसळताच मारलेली. तेवढ्यात सगळ्यांना आपल्या 10 मीटर रेषेजवळ गोळा करा. कोणाकडून टॅकल (बॉलवालीला धरून पाडणं) सुटला ते बोलू नका, तिला ते माहीत असतं. पुढची किक-ऑफ कोण झेलणार एवढंच सांगा. सेव्हन्समध्ये ज्याने गुण मिळवले तोच संघ पुन्हा किक मारतो, म्हणजे बॉल आता आपल्याकडे येणार आहे. आपण किक मारत असलो तर बॉल 10 मीटर गेलाच पाहिजे. नाही गेला तर समोरच्यांना मधल्या रेषेवर फ्री किक मिळते, आणि दमलेल्या पायांना ती फार महागात पडते.

पिवळं कार्ड म्हणजे 2 मिनिटं सहा जणी. स्क्रमला, म्हणजे दोन्ही संघ वाकून एकमेकींना रेटत बॉल मिळवतात तिथे, तिघी लागतातच, मग मागे तिघीच उरतात. स्क्रममधली बाहेर गेली तर तिच्या जागी कोण, हे आदल्या दिवशीच ठरवा. त्या वेळात बॉल हातात ठेवा, उगाच लाथाडू नका. रेफरीशी फक्त तुम्ही बोला, एकदाच, हळू आवाजात. "सर, आम्ही कुठे चुकतोय?" असं विचारलं की पुढच्या रकला (जमिनीवरच्या बॉलसाठीच्या रेटारेटीला) उपयोग होतो.

एक गोष्ट मी चुकले, ती तुमच्याकडून होऊ नये. एका सामन्यात आमच्या विंगरचं (कडेने पळणारीचं) डोकं समोरचीच्या नितंबावर आपटलं. उठली, हसली, म्हणाली, "मले काही नाही झालं, ताई." मी तिला खेळू दिलं. दोन मिनिटांनी ती समोरच्या संघाच्या ओळीत जाऊन उभी राहिली. उजवा हात वर करून बॉल मागत होती, त्यांच्याकडून! ती बरी झाली, पण तो हात मला अजून दिसतो. डोक्याला मार लागल्याची शंका आली तरी खेळाडू बाहेर काढा, त्या दिवशी परत घेऊ नका. प्रशिक्षक नाही म्हणत असतील तरी रेफरीला सांगा.

आता पुढच्या वर्षांचं. ऑलिंपिकमध्ये सेव्हन्स 2016 साली आलं. पहिलं पुरुषांचं सुवर्ण ओसेआ कोलिनिसाऊच्या फिजीने नेलं. टोकियोत जेरी तुवाई कर्णधार होता आणि फिजीने न्यूझीलंडला 27-12 असं हरवलं. आपल्याकडे मात्र फक्त खेळावर घर चालेल असं धरून शिक्षण सोडू नका. पुण्याची वाहबिझ भरुचा फिजिओथेरपिस्ट आहे आणि भारताची कर्णधारही राहिली आहे. मुलींना मी तिचंच नाव सांगते. पदवी पूर्ण करा, प्रमाणपत्रांच्या मूळ प्रती घरी एका फाइलमध्ये ठेवा. रेफरीचा कोर्स लवकर करा, नियम कळले की कर्णधारपण निम्मं सोपं होतं.

नागपुरातल्या मे महिन्यात आठच्या आत मैदान सोडा. पावसात काळी माती बुटांना चिकटून पाय जड होतो. तेव्हा वेगाचा नाद सोडून पासिंग करा.

आणि कर्णधारपद देताना नवीला पहिले दोन सामने बाहेरून एक शब्दही सांगू नका. मध्यंतरात पाण्याची बाटली नेऊन द्या, रिकामी झाली की घेऊन या.