स्प्लिटहून स्पीडबोटने पाच बेटं: आधी वारा बघा, मग पैसे भरा

क्रोएशियातल्या स्प्लिटच्या रिवावर, म्हणजे समुद्रकाठच्या फिरायच्या रस्त्यावर, रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या राजवाड्यासमोरच्या त्या ताडांच्या रांगेत, उन्हाळ्यात जागोजागी एकच फलक भेटतो: निळी गुहा आणि पाच बेटं, एका दिवसात, स्पीडबोटने. सहल उत्तम आहे आणि मी ती मनापासून सुचवते. पण तिच्याबद्दल जे सल्ले फिरतात, ते भलत्याच गोष्टींत अडकलेले असतात. कपडे कुठले घालावेत, फोटो कुठून काढावा, कुठल्या कंपनीला किती तारे मिळाले आहेत. दिवस सुखाचा जाणार की हाल होणार, हे ठरवतो वारा, आणि नेमकी त्याचीच चौकशी कोणी करत नाही.

मार्ग साधारण असा. सकाळी साडेसात-आठला निघायचं, ब्राच आणि शोल्ता या बेटांमधल्या चिंचोळ्या वाटेने बाहेर पडायचं आणि नैर्ऋत्येला दीडेक तासात बिशेवो बेट गाठायचं. तिथे निळी गुहा. मग विस बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरची स्टिनिवा ही चौपाटी, पुढे बुदिकोवात्स या छोट्या बेटाजवळचं उथळ निळं पाणी, पाक्लेनी बेटांत जेवण, शेवटी ह्वार शहर. संध्याकाळी सहाच्या आसपास परत.

कागदपत्रांचं एका दमात सांगते. क्रोएशिया 1 जानेवारी 2023 पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे आणि त्याच दिवसापासून तिथे युरो चालतो. भारतीय पासपोर्ट असेल तर शेंगेन व्हिसा लागतो, तुम्ही लंडनमध्ये राहत असलात तरीही. जर्मनी किंवा नेदरलँड्सचा निवास परवाना असेल तर वेगळा व्हिसा नको. ज्या लेखात अजून कुना हे जुनं चलन दिसेल, त्यातल्या बाकीच्या माहितीवरही विसंबू नका.

तारीख ठरवणे

स्प्लिटमध्ये किमान तीन रात्री राहा आणि सहल शेवटच्या दिवसावर ठेवू नका. एक दिवस हाताशी मोकळा हवाच. जुलै-ऑगस्टमध्ये जागा भरतात म्हणून आधी पैसे भरावे लागतात. तेव्हा ज्यांच्याकडे तारीख फुकट बदलता येते त्यांच्याकडेच भरा, थोडे जास्त पडले तरी चालतील. भरण्यापूर्वी दोन प्रश्न लेखी विचारा: गुहेचं तिकीट रकमेत धरलं आहे का (बहुधा नसतं), आणि गुहा बंद असेल तर त्याऐवजी काय. दोन्हींची सरळ उत्तरं न देणाऱ्याकडे जाऊ नका.

वारा वाचणे

मला सुरुवातीला सर्वांत जड गेला तो हाच टप्पा, म्हणून इथे जरा थांबते.

कोकणातल्या माणसाच्या मनात पहिला प्रश्न भरती-ओहोटीचा येतो. स्प्लिटच्या बाजूला तो सोडून द्या. इथे भरती-ओहोटीतला फरक अर्धा मीटरही नसतो. इथलं सगळं गणित वाऱ्यांवर चालतं, आणि त्यातले तीन ओळखता आले की पुरे.

बुरा ईशान्येकडून, डोंगरावरून खाली कोसळतो. कोरडा, गार, आणि झटक्याझटक्याने येणारा. फसवणारा आहे तो हाच, कारण बुरा वाहत असताना आकाश बहुतेक वेळा स्वच्छ असतं. खिडकीतून लख्ख ऊन दिसतं, लांबची बेटं जवळ आल्यासारखी वाटतात, आणि लोक आज काय दिवस आहे म्हणून खूश होऊन धक्क्यावर येतात. धक्क्यावर कळतं की बोटी सुटत नाहीत. बुरा असेल तर शहर बघा, डायोक्लेशियनच्या राजवाड्याच्या तळघरांत फिरा, समुद्राचं नाव काढू नका.

युगो आग्नेयेकडून येतो. दमट, उबदार, ढगाळ. एड्रियाटिक समुद्र वायव्य-आग्नेय असा लांबट पसरला आहे आणि युगो त्याच्या लांबीवरून वाहतो, त्यामुळे लाटेला वाढायला शेकडो किलोमीटर मिळतात. तो एका तासात उसळत नाही, दोन-तीन दिवस चढत जातो. वारा पडल्यावरही लाट लगेच निवत नाही. निळ्या गुहेचं तोंड इतकं बुटकं आहे की थोडी लाट आली तरी आत होडी नेता येत नाही, आणि गुहा बंद होण्यामागे बऱ्याचदा युगोच असतो. म्हणून अंदाजात आज वारा शांत दिसला तरी काल युगो होता का, तेही बघा. होता, तर आणखी एक दिवस जाऊ द्या.

तिसरा माएस्त्राल, वायव्येचा, उन्हाळ्यातल्या चांगल्या हवेचा वारा. सकाळी समुद्र गुळगुळीत, दहा-अकराला वारा सुरू, दुपारी तीन-चारपर्यंत चढता, सूर्यास्ताला शांत. कोकणात दुपारी समुद्रावरून येणारा खारा वारा ज्यांच्या अंगावर मुरलेला आहे, त्यांना ही चाल ओळखीची वाटेल. माएस्त्रालला घाबरून सहल रद्द करायची नाही, पण परतीचा प्रवास त्याच्यातूनच होणार हे धरून चालायचं. सकाळी तलावासारखं पाणी पाहून बोटीच्या टोकाला बसलेली माणसं संध्याकाळी पाठ धरून उतरतात, त्याचं कारण हा वारा.

अंदाज क्रोएशियाच्या सरकारी हवामान खात्याचा, म्हणजे डीएचएमझेडचा, बघा. त्यात खलाशांसाठी वेगळा सागरी अंदाज असतो. जोडीला फोनवर विंडीसारखं ॲप ठेवा, पण त्यात वाऱ्याच्या सरासरीवर थांबू नका, झोतांचा आकडा बघा. ठिकाण स्प्लिट टाकू नका, विस टाका. स्प्लिट ब्राच आणि शोल्ताच्या आडोशाला आहे, तिथली शांतता बाहेरच्या पाण्याबद्दल काहीच सांगत नाही. माझा नियम असा: 10 नॉटपर्यंत (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किलोमीटर) वारा असेल तर निश्चिंत जा. 11 ते 16 नॉट असेल तर बोट आपटणार हे धरून, पाठ ठणठणीत असेल तरच जा. त्यापुढे असेल, किंवा दिशा आग्नेय असेल, तर तारीख बदला. तीन दिवस आधीचा अंदाज फक्त कल सांगतो. निर्णय आदल्या संध्याकाळी घ्या.

नावाड्याने सहल रद्द केली तर त्याच्याशी हुज्जत घालू नका. आम्ही इतक्या लांबून आलोय, हे वाक्य तिथे रोज ऐकू येतं आणि ते ऐकून एखादा तरुण नावाडी नको असताना बोट काढतो. अशा बोटीत आपली मुलं असतात.

कुठे बसायचं

बोटीच्या टोकावरच्या गाद्या फोटोत सुंदर दिसतात. तिथे बसू नका. वेगात लाटेवरून बोट उचलली जाते आणि आपटते, तेव्हा सर्वांत मोठा हिसका टोकाला बसतो. अशा बोटींत पुढे बसलेल्या प्रवाशांच्या मणक्याला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, ही काही कल्पनेतली भीती नाही. मधल्या भागाच्या मागे, तोंड पुढे असलेल्या आसनावर बसा. परतताना ह्वारहून स्प्लिट जवळजवळ सरळ उत्तरेला आहे आणि माएस्त्राल वायव्येचा, म्हणजे पाण्याचे फवारे डावीकडून येणार. उजवी बाजू धरा. सकाळी मिळालेली जागाच बहुधा दिवसभर राहते, म्हणून धक्क्यावर पंधरा मिनिटं आधी पोचा आणि संकोच न करता जागा मागा.

लाटा आल्या की ताठ बसू नका. पाय रोवा, गुडघे वाकवा, दांडा धरा आणि बोट उचलली गेली की अंगाचा थोडा भार पायांवर घ्या. रबरी कडेवर बसणं पूर्ण वर्ज्य. वेग सहन होत नसेल तर नावाड्याला स्पष्ट सांगा, त्यांना इंग्रजी कळतं. बाकीच्यांचा विरस होईल म्हणून गप्प राहणारे आपले काका-काकू मला प्रत्येक बोटीत दिसतात. तुम्ही बोललात तर आणखी तिघांची सुटका होते.

गरोदर बाई, मणक्याची शस्त्रक्रिया झालेला माणूस, हाडं ठिसूळ झालेली आजी यांना या बोटीत नेऊच नका. त्यांच्यासाठी वेगळा आणि मला तर जास्त आवडणारा रस्ता आहे. स्प्लिटहून मोठ्या फेरीबोटीने विसला जा, सव्वादोन-अडीच तास लागतात आणि फेरी हलते फार कमी. विस शहरातून दहाएक किलोमीटरवरच्या कोमिझाला रात्री राहा. तिथून बिशेवो समोरच आहे, उघड्या पाण्याचा तुकडा थोडाच, आणि सकाळची हवा बघून ठरवता येतं.

ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी निघण्यापूर्वी तास-अर्धा तास घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. अव्होमिनने झोप येते, त्यामुळे पोहणार असाल तर डॉक्टरांना आधी विचारा. उपाशीपोटी बसणं ही आपल्याकडची ठाम पण चुकीची समजूत आहे. टोस्ट, केळं, असं कोरडं थोडं खाऊन या, खिशात आलेपाक ठेवा. नजर क्षितिजावर. चालत्या बोटीत फोनमध्ये बघायला लागलात की सगळी तयारी वाया जाते.

जुलैतही वारा अडवणारं जाकीट हवं, ओल्या अंगाला त्या वेगात हुडहुडी भरते. ओढणी, स्कार्फ, सैल टोपी पिशवीत. लहान बोटींत शौचालय बहुधा नसतं, म्हणून जिथे थांबा मिळेल तिथे जाऊन या.

निळी गुहा

स्पीडबोट गुहेत जात नाही. जवळच्या मेझोपोरात या खाडीत थांबायचं, आपला क्रमांक येईपर्यंत वाट बघायची आणि छोट्या होडीत बसून आत जायचं. भर हंगामात ही वाट तास-दीड तासाचीही होते. तोंडाची उंची दीड मीटरच्या आसपास आहे, तेव्हा नावाडी सांगेल तेव्हा खरोखर वाका. हे तोंडही 1884 मध्ये फोडून रुंद केलेलं आहे. आतला निळा प्रकाश पाण्याखालच्या दुसऱ्या एका भोकातून येतो. ऊन तिथून शिरतं, तळाच्या पांढऱ्या चुनखडीवर पडतं आणि परत वर येतं. सर्वांत चांगला प्रकाश अकरा ते बाराच्या दरम्यान. ढगाळ दिवशी तोच पैसा भरून फिकट पाणी बघायला मिळतं, म्हणून वारा शांत असूनही आभाळ भरलेलं असेल तर शक्य असल्यास तारीख हलवा. आत पाच-दहा मिनिटंच मिळतात. पहिला अर्धा वेळ फोन खाली ठेवा, डोळे अंधाराला सरावू द्या. पोहायला बंदी आहे.

बाकीचे थांबे

स्टिनिवाला कड्यांच्या मधली वाट जेमतेम काही मीटर रुंद आहे, बोट बाहेर थांबते आणि आत पोहत जायचं असतं. 2016 साली ती युरोपातली सर्वांत सुंदर चौपाटी म्हणून निवडली गेली आणि तेव्हापासून बाहेर बोटींची दाटी असते. धोका पाण्याचा कमी, बोटींच्या पंख्यांचा जास्त. एकट्याने जाऊ नका, घोळक्याने आणि सरळ वाटेने जा. पोहता येत नसेल तर फोमची नळी धरून निघू नका. अंगावर बसणारं लाइफ जॅकेट आदल्या दिवशीच मागून ठेवा, नाहीतर बोटीतूनच बघा, तिथूनही दिसतं. विस बेटावर युगोस्लाव्हियाचा लष्करी तळ होता आणि 1989 पर्यंत परदेशी माणसाला तिथे प्रवेश नव्हता. किनारा इतका मोकळा राहिला त्यात त्या बंदीचा मोठा हात आहे.

बुदिकोवात्सला पोहायला शिकणाऱ्यांनी उतरावं, पाणी उथळ आणि शांत. रबरी बूट घाला, खडकांवर सी अर्चिन या समुद्री जीवाचे काळे काटे असतात. पाण्याचं तापमान मे महिन्यात 18 अंशांच्या आसपास, ऑगस्टमध्ये 24-25. मला सप्टेंबर आवडतो: पाणी अजून उबदार, गर्दी ओसरलेली.

जेवणाची जागा नावाडी ठरवतो आणि ती महाग असते. शाकाहारी असाल तर ब्लित्वा मागा, बटाटा घालून केलेली पालकासारखी भाजी, ऑलिव्ह तेल आणि लसणाची. कोमिझाची पोगाचा वरून साध्या भरल्या पोळीसारखी दिसते, पण आत खारवलेले मासे असतात. विचारल्याशिवाय तोंडात घालू नका.

ह्वारला तास-दीड तास मिळतो. दुकानांत घालवू नका, सरळ वरच्या किल्ल्यावर चढा, अर्धा तास लागतो. वरून सकाळपासून ओलांडलेली सगळी पाक्लेनी बेटं दिसतात. उतरताना 1612 चं नाट्यगृह बाहेरून तरी बघा. पाण्याची बाटली भरून घ्या.

ह्वारच्या बंदरातून बोट सुटण्यापूर्वी ओले कपडे बदला, जाकीट चढवा, फोन कोरड्या पिशवीत बांधा आणि आपल्या उजव्या बाजूच्या जागेवर बसा. बंदराबाहेर पडल्यावर हे करता येत नाही. त्या रात्रीची बस किंवा विमान ठेवू नका. परतीला लाट असेल तर नावाडी वेग कमी करतो आणि स्प्लिटला पोचायला तासभर उशीर सहज होतो.