गळ बोटात रुतला तर ओढू नका

माझ्या गळाच्या पिशवीत आमिषाच्या डब्याआधी साइड कटर, म्हणजे तार कापायची पक्कड, जातो. सातपूरच्या एका कारखान्यात मी सत्तावीस वर्षं फिटर होतो, त्यामुळे कटर हाताच्या सवयीचा. पण तो नदीवर न्यायला मी शिकलो ते भाच्याच्या अंगठ्यामुळे.

दिवाळीची सुट्टी होती. नाशिककडच्या भगूरजवळ दारणा नदीच्या काठी आम्ही कणकेच्या गोळ्या लावून बसलो होतो. त्याच्या गळाला शिंगाळा लागला. सोडवताना मासा उसळला, निसटला आणि गळ पोराच्या अंगठ्यात नखाशेजारी बाकापर्यंत घुसला. "मामा, ओढ ना!" तो ओरडला. मी पक्कडीने सरळ मागे ओढला. मांस फाटलं, रक्ताची धार लागली, गळ मात्र जागेवरच. शेवटी नाशिकरोडला डॉक्टरांनी अंगठा बधिर करून पाच मिनिटांत तो काढला. गळापेक्षा माझ्या ओढण्याने जास्त इजा झाली होती, हे मला जखम बघूनच कळलं. पोराच्या अंगठ्यावर तो व्रण अजून आहे.

गळाच्या टोकामागे जो उलटा काटा असतो, तो आत जाताना वाट करत जातो आणि मागे येताना मांसात अडकतो. म्हणून ताकद लावून काही होत नाही.

पहिलं काम, तंगूस म्हणजे गळाची नायलॉनची दोरी कापा. काठीला ताण राहिला किंवा कोणाचा पाय दोरीत अडकला, तर गळ आणखी खोल जातो. मासा अजून गळावर असेल तर तो ओल्या फडक्यात घट्ट दाबून धरा आणि आधी तो वेगळा करा. तीन टोकांचा गळ असेल तर मोकळी टोकं कटरने छाटा किंवा त्यांवर बूच खोचा, नाहीतर मदतीला आलेल्याच्या हातात दुसरं टोक जातं.

मग नीट बघा. डोळा, पापणी, चेहरा, मान, सांधा, यांपैकी कुठेही गळ असेल तर हात लावू नका. बोट बधिर झालं, वाकत नाही, रक्त उसळ्या मारतंय, तरीही नाही. डोळ्यात गेला असेल तर वर कागदी कप उपडा ठेवून कडेने चिकटपट्टी लावा. डोळ्यावर दाब नको, थेंब नको, चोळणं नको. माणसाला शांत बसवा आणि १०८ ला फोन करा.

हाताच्या किंवा दंडाच्या जाड कातडीत, वरवर गेलेला एकेरी गळ असेल तरच दोरीची रीत. मी ती नंतर शिकलो आणि दोनदा वापरली आहे. हात दगडावर किंवा डब्याच्या झाकणावर टेकवून पक्का ठेवायचा. हातभर मजबूत दोरी दुमडून तिचा फास गळाच्या बाकात अडकवायचा. एका बोटाने गळाचा दांडा, तंगूस ओवायच्या भोकाकडच्या बाजूने, कातडीवर खाली दाबायचा. या दाबाने उलटा काटा मांसातून सुटतो. रीतीचं सगळं मर्म इथे आहे. दाब न सोडता दोरीला एकच झटका, कातडीला समांतर, गळाच्या त्या भोकापासून दूर. हळूहळू ओढाल तर फक्त दुखेल. गळ गोळीसारखा उडतो, म्हणून समोर कोणी उभं नको आणि दोघांच्या डोळ्यांवर चष्मा हवा. एकदा जमलं नाही तर थांबा, दुसरा झटका मारू नका. कानाच्या पाळीसारख्या लोंबत्या जागी ही रीत चालत नाही.

टोक पुढून बाहेर काढून काटा कापायचा आणि दांडा मागे घ्यायचा, ही जुनी रीतही आहे. पण त्यात दुसरी जखम होते आणि बधिर न करता ते फार दुखतं. ते डॉक्टरांवर सोडा.

गळ निघाला की पाच मिनिटं साबणाने आणि पिण्याच्या पाण्याने धुवा. नदीच्या पाण्याने नाही. हळद, चुना, विडीची राख काहीही भरू नका. गळावर चिखल, आमिष आणि माशाची चिकटी असते, म्हणून धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षं झाली असतील तर त्याच दिवशी घ्या. गोड्या पाण्यात एरोमोनास नावाचे जंतू असतात, त्यांचा संसर्ग एका दिवसातही पसरतो. लाली वाढली, ठणका लागला, ताप आला तर सकाळची वाट बघू नका. मधुमेह असलेल्यांनी छोट्या जखमेलाही डॉक्टरांना दाखवावं. कधी कधी काही आठवड्यांनी त्या जागी न दुखणारी गाठ येते. तेव्हा डॉक्टरांना "मी मासे धरतो" एवढं आठवणीने सांगा, निदानाची दिशाच बदलते.

आता मी नवा गळ आणला की आधी पक्कडीने उलटा काटा दाबून सपाट करतो. दोरी ताठ ठेवली तर मासा सुटत नाही, आणि हातात रुतला तर गळ आला त्याच वाटेने बाहेर येतो. गळ टाकण्याआधी मागे वळून बघतो, कारण पोरं नेमकी पाठीशीच उभी असतात. साधा चष्मा घालतोच. दगडात अडकलेली दोरी तोंडासमोर धरून ओढत नाही. शिंगाळ्याच्या पाठीवरचा आणि गालांमागचे काटे वेगळेच ताप देतात. त्याला फडक्यातच धरा.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट. भगूरला ऊन असलं तरी वरच्या अंगाला इगतपुरीला धो धो पडत असतो आणि दारणा धरणातून पाणी सोडलं की नदी बघता बघता चढते. त्या दिवसांत विसर्गाची बातमी बघितल्याशिवाय मी काठावर उतरत नाही.

घरी निघताना तुटलेले गळ आणि तंगुसाचे तुकडे झाकणाच्या बाटलीत घालून परत आणतो. त्याच काठावर सकाळी बायका अनवाणी धुणं घेऊन उतरतात.