तैलरंगात प्रत करताना आकृती चिकटवल्यासारखी दिसते? या चुका टाळा

फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेने 1875 मध्ये रंगवलेलं, छत्री घेतलेल्या आपल्या पत्नीचं, कामीलचं, आणि तिच्या मुलाचं चित्र प्रतीसाठी उत्तम आहे. चेहरा झिरझिरीत जाळीआड असल्याने साम्य साधण्याचं दडपण येत नाही, आणि वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टच्या संकेतस्थळावर त्याचं मोठं छायाचित्र मोफत मिळतं. तरीही अनेक प्रतींत बाई गवतात उभी वाटत नाही, कापून चिकटवल्यासारखी दिसते. आकृती आणि निसर्ग वेगवेगळे रंगवले की हे हमखास होतं.

आधी माप. मूळ चित्र 100 × 81 सेंमी. 16 × 20 इंचाचा तयार कॅनव्हास जवळपास जुळतो. उंचीला पाव इंच उरतं, ते खालच्या गवतात जिरवा. 12 × 16 वर तेच चित्र पूर्ण बसवायला गेलात तर बाई उंच आणि किडकिडीत होते. चित्र प्रमाणात उतरवायला छापील चित्रावर आणि कॅनव्हासवर ग्रिड, म्हणजे चौकोनांची जाळी, आखा; तिचे चौकोन समचौरसच हवेत. रेखाटन कोळशाने करा, जादा भुकटी झटका, मग बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) टर्पेंटाइनमध्ये पातळ करून रेषा पक्क्या करा. शिसपेन्सिल नको, तिच्या रेषा पातळ रंगातून वर दिसत राहतात.

सगळ्यात मोठी चूक पांढऱ्या पोशाखाची. पोशाख पांढरा म्हणून थेट टायटॅनियम व्हाईट लावला जातो आणि तिथेच चित्र फसतं. ऊन बाईच्या मागून येतं, म्हणजे आपल्याला दिसणारी बाजू सावलीत आहे. ढगांचा पांढरा तिच्या पोशाखापेक्षा कितीतरी उजळ आहे. छायाचित्र कृष्णधवल करून शेजारी ठेवा, मग खात्री पटेल. व्हाईटमध्ये अल्ट्रामरिन (निळा) आणि किंचित अलिझरिन क्रिमझन (गडद लाल) मिसळा, फार जांभळं झालं तर चिमूटभर यलो ऑकर (मातकट पिवळा). शुद्धाच्या जवळचा पांढरा फक्त ऊन लागलेल्या कडांसाठी राखून ठेवा. आता तिच्या कोपराजवळ बघा: तिथे पिवळे फटकारे आहेत. ते खालच्या रानफुलांचं परावर्तन आहे. हे चार-पाच फटकारे गाळले तर बाईचा त्या जमिनीशी संबंधच तुटतो.

म्हणून आकृती आधी पूर्ण करून मग भोवती आकाश भरू नका. पहिल्याच बैठकीत आकाश, गवत, पोशाख आणि जमिनीवरची सावली यांचे मुख्य टोन (उजळ-गडद छटा) मोठ्या फ्लॅट ब्रशने पातळ लावा. पुढे चारही भाग बरोबरीने न्या. पोशाखाची खालची कड रेषेसारखी कापू नका. गवताचे काही फटकारे तिच्यावरून वर जाऊ द्या.

रंग मळकट होतोय? ओल्या रंगावर ब्रश पुन्हा पुन्हा फिरवल्याने होतं ते. फटकारा ठेवा, ब्रश उचला, चिंधीने पुसा. चुकलं तर वर रंग चढवण्यापेक्षा पॅलेट नाइफने खरवडून काढा. हिरव्यासाठी आणि निळ्यासाठी वेगळे ब्रश ठेवले की अर्धा त्रास वाचतो.

पहिला थर टर्पेंटाइनने पातळ केलेल्या रंगाचा, वरच्या थरांत जवस तेल थोडं थोडं वाढवत न्यायचं. उलट केलं तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा मागाहून हलतो आणि तडे जातात. वाळल्यावर गडद भाग निस्तेज दिसले तर रंग खराब झाला असं समजू नका, तेल खाली शोषलं गेलंय. स्पर्शाला कोरडं झाल्यावर जवस तेल आणि टर्पेंटाइन सम प्रमाणात घेऊन कापडाने अगदी पातळ चोळा आणि जादाचं लगेच पुसून घ्या. व्हार्निशची घाई मात्र नको, जाड रंगाला सहा महिने ते वर्षभर द्या.

मोनेची सही उतरवू नका. कॅनव्हासच्या मागे ‘मोनेच्या चित्रावरून’ असं लिहून आपलं नाव आणि तारीख घाला.

तेलाच्या चिंध्या गोळा करून कचऱ्यात टाकणं धोक्याचं आहे. जवस तेल वाळताना उष्णता सोडतं आणि गोळा झालेली चिंधी आपोआप पेटू शकते. त्या बाहेर एकेक पसरून वाळवा, नाहीतर पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात बुडवून ठेवा.