इराकी दिनारवर पैसे लावताय? या चुका टाळा

दहा लाख इराकी दिनार म्हणजे सरकारी दराने साधारण 763 डॉलर, आपल्या हिशेबात पासष्ट-सत्तर हजार रुपये. एवढ्या पैशात माणूस ‘दशलक्षाधीश’ होतो, आणि या सट्ट्याची सगळी मोहिनी तिथेच आहे. नोटा घ्या, कपाटात टाका, इराक सावरला की एका दिनारला एक डॉलर मिळेल, अशा आशयाची जाहिरात 2003 च्या युद्धानंतर अमेरिकेत सुरू झाली आणि ती अजून थांबलेली नाही. अटलांटामधल्या एका दिनार विक्री कंपनीचे मालक 2018 मध्ये फसवणुकीत दोषी ठरले. तरी ‘पुढच्या आठवड्यात दर बदलणार’ असं सांगणारे महाभाग कमी झाले नाहीत.

यात सगळेच फसवे असतात असं नाही. पुष्कळ जण शुद्ध मनाने, पण चुकीच्या गणितावर पैसे लावतात. ती गणितं कुठे चुकतात ते पाहू.

शांतता आली की दिनार वधारेल

ही सगळ्यात मोठी चूक, आणि वरकरणी ती इतकी शहाणपणाची वाटते की कोणी तपासत नाही. गेल्या वीस वर्षांचा दर समोर ठेवून बघा. 2006-07 हा इराकमधल्या यादवीचा सर्वांत रक्तरंजित काळ. नेमकं त्याच काळात मध्यवर्ती बँकेने महागाईला लगाम घालायचा म्हणून दिनार मजबूत होऊ दिला. एका डॉलरला पावणेपंधराशेच्या आसपास असलेला दर 2008 संपेपर्यंत 1170 च्या घरात आला. जून 2014 मध्ये मोसुल ‘इस्लामिक स्टेट’च्या हाती पडलं, देशाचा मोठा तुकडा सरकारच्या ताब्यातून गेला. सरकारी दर जागचा हलला नाही.

उलट डिसेंबर 2017 मध्ये ‘इस्लामिक स्टेट’वर विजय जाहीर झाला. तीन वर्षांनी, डिसेंबर 2020 मध्ये, एका डॉलरचा दर एका फटक्यात 1190 वरून 1470 दिनारांवर नेला गेला. म्हणजे युद्धात वधारला आणि युद्ध संपल्यावर पडला!

कारण हा दर बाजारात ठरतच नाही. इराक सरकारच्या उत्पन्नाचा सुमारे नव्वद टक्के भाग तेलातून येतो, आणि तो येतो डॉलरमध्ये. ते डॉलर न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हमधल्या खात्यात जमा होतात. सरकार ते मध्यवर्ती बँकेला देतं, बदल्यात दिनार घेतं आणि त्यातून पगार, पेन्शन, रेशन भागवतं. 2020 मध्ये कोविडने तेलाचे भाव कोसळले, पगार रखडायला लागले, तेव्हा एका डॉलरमागे जास्त दिनार मिळावेत म्हणून सरकारने दिनारचा दर पाडला. फेब्रुवारी 2023 मध्ये बाजारातली महागाई आटोक्यात आणायची म्हणून डॉलरचा दर उतरवून सरकारसाठी 1300 आणि बँकांसाठी 1310 दिनारांवर आणला. दोन्ही निर्णय कागदावर सही करून झाले. तुम्ही दिनार घेता तेव्हा इराकच्या भविष्यावर पैसे लावत नसता, एका अर्थमंत्र्याच्या गरजेवर लावत असता. आणि त्याची गरज बहुतेक वेळा तुमच्या उलट असते.

‘पूर्वी एक दिनार तीन डॉलरचा होता’

खरं आहे, 1980 च्या दशकातला सरकारी दर तसाच होता. पण 1990 मध्ये सद्दामने कुवेतवर आक्रमण केलं, निर्बंध आले, परदेशातून छापून येणाऱ्या नोटा बंद झाल्या आणि बगदादने सद्दामचं चित्र असलेल्या नोटा घरीच छापायला घेतल्या. 1995 च्या अखेरीस एका डॉलरला तीन हजारांच्या आसपास दिनार मोजावे लागत होते. तो जुना दर ‘परत’ येण्यासाठी मधल्या काळात छापलेला पैसा नाहीसा व्हावा लागेल.

इथे एक गंमत सांगायलाच हवी. उत्तरेतल्या कुर्द भागात जुन्या, चांगल्या छपाईच्या नोटा चालत राहिल्या. त्यांना ‘स्विस दिनार’ म्हणत. त्या नव्याने छापणं कुणालाच शक्य नव्हतं, म्हणून त्यांची किंमत टिकली. ऑक्टोबर 2003 ते जानेवारी 2004 या काळात नव्या नोटा आल्या तेव्हा सद्दाम दिनारला एकास एक नवा दिनार मिळाला, स्विस दिनारला दीडशे. राजकीय बदलावर लावलेला पैसा फळला असेल तर तो तिथे, कारण त्या नोटांचा साठा बंदिस्त होता. आजच्या दिनारचा तसा नाही.

‘कुवेती दिनार युद्धानंतर उसळला, तसा इराकीही उसळेल’ हा दाखलाही असाच अर्धवट दिला जातो. कुवेती दिनार युद्धानंतर शून्यातून उठला नव्हता. इराकने कब्जा केल्यावर तो चलनातून काढला, 1991 मध्ये सुटका झाल्यावर नव्या नोटा जवळपास पूर्वीच्याच मोलाने परत आल्या. छोटी लोकसंख्या, परदेशात प्रचंड गुंतवणूक आणि तेच जुनं सरकार. यातलं इराककडे काय आहे?

एकास एक दराचा हिशेब न मांडणं

चलनात असलेले इराकी दिनार ढोबळमानाने 100 लाख कोटी आहेत. एका दिनारला एक डॉलर द्यायचा तर 100 लाख कोटी डॉलर लागतील, म्हणजे साऱ्या जगाच्या वर्षभराच्या उत्पादनाएवढे. इराकची परकीय गंगाजळी आहे 100 अब्ज डॉलरच्या आसपास, त्याचा हजारावा हिस्सा.

दुसऱ्या बाजूनेही बघा. 70 डॉलरच्या एका पिंपातून आज सरकारला सुमारे 91,000 दिनार मिळतात. एकास एक दर झाला तर मिळतील 70. शिक्षकांचे आणि पोलिसांचे लाखो दिनारांचे पगार त्यातून कोण देणार?

याला जोडून आणखी एक गैरसमज. नोटांवरचे तीन शून्य काढण्याची चर्चा बगदादमध्ये अनेक वर्षं चालू आहे. उद्या तसं झालं तर 25,000 च्या नोटेच्या जागी 25 ची नोट मिळेल आणि तिच्यात आधीइतकीच भाजी येईल. विक्रेते मात्र ही बातमी ‘दर हजारपट होणार’ म्हणून खपवतात.

मोबाइलवरचा दर खरा मानणं

ॲपवर दिसतो तो 1310 चा सरकारी दर. बगदादच्या अल-किफाह आणि अल-हारिथिया या बाजारांत चलन बदलून देणारे सर्राफ शंभर डॉलरचा भाव बोलतात, आणि तो सरकारी दरापेक्षा बहुधा चढाच असतो. अलीकडच्या वर्षांत तो कधी दीड लाख दिनारांच्या पुढेही गेला आहे.

भ्रष्टाचाराचा खरा मलिदा या दोन दरांच्या फटीत आहे. मध्यवर्ती बँक आयातीसाठी सरकारी दराने डॉलर विकते. ज्याची वर ओळख आहे तो न आलेल्या मालाचं खोटं बिल लावून डॉलर उचलतो आणि बाजारात विकतो. दर 1310 आणि 1500 असे असतील तर दहा लाख डॉलरमागे 19 कोटी दिनार, म्हणजे बाजारभावाने सव्वा लाख डॉलरहून जास्त, बसल्या जागी. 2022 च्या शेवटी अमेरिकेने या व्यवहारांची चाळणी बारीक केली, जुलै 2023 मध्ये 14 इराकी बँकांना डॉलर व्यवहारांतून बाहेर काढलं, आणि प्रत्येक वेळी बाजारातला डॉलर भडकला. मध्येच मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर बदलले.

किती खोलवर पोखरलंय याचा अंदाज हवा असेल तर रफिदैन या सरकारी बँकेचं प्रकरण बघा. तिथल्या कर खात्याच्या ठेवींतून सप्टेंबर 2021 ते ऑगस्ट 2022 या काळात 247 चेक वटवून 3.7 लाख कोटी दिनार, म्हणजे अडीच अब्ज डॉलर, गायब झाले. ‘गोंधळ आहे म्हणून स्वस्त आहे, म्हणून संधी आहे’ असं म्हणणाऱ्याने हे लक्षात घ्यावं की या गोंधळात कमावणारे आत बसलेत, आणि ते दिनार साठवत नाहीत, डॉलर साठवतात.

खरेदी-विक्रीतला फरक विसरणं

समजा विक्रेत्याने सरकारी दरावर वीस टक्के चढवून तुम्हाला दहा लाख दिनार दिले: 916 डॉलर. परत विकताना वीस टक्के कापले: हातात 611. म्हणजे नुसती मुद्दल सुटायला दिनार दीडपट व्हायला हवा, 1310 वरून साधारण 875 वर. 2004 नंतरची त्याची सर्वांत चांगली धाव, तीच 2006 ते 2008 ची, सव्वापटीची होती. म्हणजे तीच तेजी पुन्हा आली तरी तुम्ही तोट्यातच. ‘थोडं टोकन भरा, नोटा तुमच्या नावावर राखून ठेवतो’ म्हणणारा भेटला तर नोटाही दिसणार नाहीत.

आपल्याकडचा कायदा

परकीय चलनाची खरेदी-विक्री अधिकृत मनी चेंजर किंवा बँकेकडेच करता येते, आणि तीही प्रवास, शिक्षण, उपचार अशा ठरलेल्या कारणांसाठी. सट्ट्यासाठी नोटा साठवणं त्यात बसत नाही. प्रवासातून उरलेलं परकीय चलन 2,000 डॉलरच्या मोलापर्यंत जवळ ठेवता येतं, त्यावरचं 180 दिवसांत परत करायचं. टेलिग्रामवरून दिनारचे सौदे करून देणाऱ्या ॲपचं नाव रिझर्व्ह बँकेच्या सावधानतेच्या यादीत आहे का, ते आधी पाहा. यादीत नाही म्हणजे अधिकृत आहे असंही समजू नका.

आधीच घेतले असतील तर

नोट हातात घ्या. सद्दामचं चित्र असेल तर ती जानेवारी 2004 पासून रद्दी आहे. संग्राहक देईल ती किंमत. चालू 25,000 च्या नोटेवर गव्हाच्या ओंब्या घेतलेली कुर्द शेतकरी बाई आणि ट्रॅक्टर दिसतो, मागे बाबिलोनचा प्राचीन राजा हम्मुराबी. मग दोन-तीन अधिकृत मनी चेंजरना ‘विकत घ्याल का आणि कितीला’ एवढंच विचारा. बरेच जण नाहीच म्हणतील.

त्यापेक्षा बरी वाट म्हणजे तुम्ही स्वतः कधी इराकमधल्या करबला-नजफच्या जियारतीला, म्हणजे तीर्थयात्रेला, जाणार असाल तर तिथे ते खर्च करणं. मुंबईतून दर वर्षी पुष्कळ जण जातात. तिथे हॉटेल, टॅक्सी, जेवण यांवर दिनार पूर्ण मोलाने खर्च होतो, मधला दलाल वीस टक्के खात नाही. ओळखीतल्या जाणाऱ्याला नोटा विकणं मात्र वर सांगितलेल्या कायद्यात बसत नाही. आणि नोटा नेण्याआधी किती रक्कम नेता येते, हे टूर चालकाकडून विचारून घ्या.